रविवारचा थेंब

घंटा

काशीतल्या मंगला गौरीच्या देवळात मी रोज सकाळी जाते. घरापासून अडीचशे पावलं. मोजलेली आहेत, कारण तीस वर्षं मुलींच्या इंटर कॉलेजात गणित शिकवलं आणि मोजायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. त्या दिवशी धुपाची राख उडून उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा मिटून चोळत होते आणि दुसरा हात सवयीनं घंटेकडे वर नेला. घंटा नव्हती.

म्हणजे होती. हाताला लागली, वाजलीही. पण डाव्या डोळ्याला दिसत नव्हती. मान वर केली की दिसायची, सरळ पाहिलं की गायब. उजवा डोळा उघडला तर घंटा आपल्या जागेवर. हा खेळ मी चार-पाच वेळा केला. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "माताजी, दर्शन हो गया हो तो आगे बढ़िए." मी पुढे सरकले.

घरी आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत. रोज सकाळी घंटेखाली उभी राहून उजवा डोळा झाकायचा, आज तरी दिसते का बघायचं, आणि घरी येऊन पोहे फोडणीला टाकायचे. आठव्या दिवशी सुनेला सांगितलं. श्वेता अलाहाबादची, हिंदी घरातली. मुलगा बँकेत, बदलीच्या गावी असतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मी, श्वेता आणि आमचे हे. श्वेतानं गॅस बंद केला आणि म्हणाली, "आई, चला. आजच."

मोतिया म्हणजे मोतियाच ना?

मैदागिनच्या चौकापर्यंत चालत आणि पुढे ई-रिक्षानं लंका नावाच्या मोहल्ल्यातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलो. नंबर, पर्ची, बाक, थेंब, पुन्हा बाक. हॉस्पिटलातला दिवस म्हणजे बाकावरचा दिवस, डॉक्टर त्यात दहा मिनिटं. माझ्या शेजारी मदनपुऱ्याचे एक विणकर चाचा होते. ते तीन वर्षं येत होते. "पहली बार है?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "घबराइए मत, बैठने की आदत हो जाएगी," ते म्हणाले.

डॉक्टर मॅडम माझ्या शेवटच्या बॅचमधल्या मुलींच्या वयाच्या. डोळ्याचं प्रेशर एकवीसच्या आत हवं, माझं उजव्यात चोवीस, डाव्यात अठ्ठावीस. नाव सांगितलं काला मोतिया, आपल्याकडे काचबिंदू म्हणतात तो. त्यांनी फार शास्त्र सांगितलं नाही. डोळ्यात पाणी तयार होतं, ते निघून जायची मोरी तुंबली की आत दाब वाढतो आणि मागची नस वाळत जाते, एवढंच. मग म्हणाल्या, "जो चला गया, वह वापस नहीं आएगा. जो बचा है, उसे बचाना है." असं स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात. त्या दिवशी नाही आवडली.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. आमचे हे दशाश्वमेधावर तीर्थपुरोहित आहेत. नागपूर, सोलापूर, साताऱ्याकडून येणाऱ्या यात्रेकरूंची गंगापूजनं, श्राद्धं, संकल्प, हे चार पिढ्यांचं काम. ह्यांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि म्हणाले, "मोतिया म्हणजे मोतियाच ना? काढून टाकतील की. जोशीकाकूंचा काढला, आता सुई ओवतात."

"अहो, तो मोतीबिंदू. हा वेगळा. यात काढायचं काही नसतं."

"मग घालायचं काय असतं?"

"थेंब. सकाळी आणि संध्याकाळी. जन्मभर."

"मग घाल की," हे म्हणाले आणि घाटावर गेले. एवढ्यावर आमच्या घरातली चर्चा संपली.

मी घाबरले होते, सरळच सांगते. मरणाला नाही. काशीत राहून मरणाला घाबरणं बरं दिसत नाही. मला भीती होती ती आमच्या गल्लीची. आंधळ्या बाईला हात धरून नेतात तेव्हा समोरून येणारे भिंतीला चिकटून उभे राहतात आणि तोंडानं "च्च" करतात. मी स्वतः कितीदा केलंय. तो "च्च" मला माझ्या वाट्याला नको होता. अडीचशे पावलं मला एकटीनं चालायची होती.

व्रत

मंगला गौरीच्या देवळातच मयूखादित्य आहे. सूर्य हा डोळ्यांचा देव, हे मला कोणी सांगायला नको. पुढच्या रविवारी मी संकल्प सोडला. दर रविवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही, संध्याकाळी अर्घ्य दिल्यावर अळणी जेवण. डोळे राहू देत, एवढंच मागणं.

ज्यांनी हे थेंब घातलेत त्यांना ठाऊक असेल. डोळ्यात थेंब पडतो आणि मिनिटाभरात घशात कडू उतरतं. कारल्याच्या पाण्यासारखं, जिभेच्या मुळाशी. पहिल्या दिवशी मी चकितच झाले होते. डोळ्यातलं घशात कसं? पण उतरतं, वाटच तशी आहे.

तर पहिल्या रविवारी सकाळी बाटली हातात घेतली आणि हात थांबला. डोळ्यात घातलं तरी ते घशात जाणार. घशात गेलं म्हणजे गिळलं. गिळलं म्हणजे निर्जळी कुठली राहिली? गणिताच्या बाईनं तीन पायऱ्यांत सिद्धता मांडली आणि बाटली फडताळात ठेवून दिली. डोळ्यांसाठी धरलेल्या उपवासापायी डोळ्यांचंच औषध बंद. आज लिहिताना मला माझा राग येतो. तेव्हा मला मी फार काटेकोर वाटत होते.

औषधाला एकदा सुट्टी दिली की ती पसरते. रविवार झाला, मग एकादश्या दोन, मग संकष्टी, कारण चंद्रोदयापर्यंत तोंडात काही नाही. मग प्रदोष. सकाळचा थेंब चुकला की संध्याकाळचाही राहायचा, उद्यापासून नीट घालू म्हणून. महिन्यातले दहा दिवस तरी कोरडे जाऊ लागले.

श्वेता रोज विचारायची, "आई, दवा डाली?"

"हो गं."

हे "हो गं" मी इतक्या सहज म्हणायचे की मलाच खरं वाटायचं.

कॉपी

तीन महिन्यांनी प्रेशर तेवढंच. मॅडमनी दुसरी बाटली वाढवली. आणखी तीन महिन्यांनी नजरेच्या परिघाची तपासणी झाली, निदानाच्या वेळी झाली होती तीच. एका पांढऱ्या वाटोळ्या भांड्यात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकलेला, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला उजेडाची टिकली चमकली की हातातलं बटण दाबायचं. चमकली तर दाबायचं. न चमकता नाही.

डावा डोळा लावल्यावर बराच वेळ काही चमकेनाच. मशीनची बारीक टिकटिक मात्र चालू होती. म्हणजे प्रश्न येत होते आणि मी पेपर कोरा सोडत होते. मला ते सहन होईना. टिकटिकीचा अंदाज घेतला आणि ठरावीक अंतरानं बटण दाबायला सुरुवात केली.

मशीन चालवणारी पोरगी म्हणाली, "माताजी, बिना दिखे मत दबाइए. मशीन पकड़ लेती है."

तीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडल्या. ओढणीच्या गाठीतल्या, पट्टीच्या मागच्या, एकदा तर मेंदीत लिहिलेली प्रमेयं. आणि इथं एका मशीननं मला पकडलं. कान गरम झाले. तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली, या वेळी प्रामाणिकपणे. कागद आला तर डाव्या डोळ्याच्या वरच्या भागातला काळा डाग आधीच्यापेक्षा पसरलेला होता, आणि उजव्या डोळ्यात, ज्याच्या भरवशावर मी चालत होते त्यात, कोपऱ्यात करडं काहीतरी उगवलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत

त्या दिवशी हेही बरोबर आले होते. गालात विडा होता. हॉस्पिटलात थुंकायचं कुठं म्हणून तसाच धरून बसले होते, तोंड बंद.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मला नाही, ह्यांना सांगू लागल्या, कारण बायकांचं दुखणं नवऱ्याला सांगायची इकडे पद्धत आहे. दोन दोन औषधं चालू असून प्रेशर उतरत नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही. आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल. पाण्याला नवी वाट करून द्यायची. बहुतेकांचं चांगलं होतं, पण डोळ्याला हात लावणं आलं, त्यातही धोके असतात. असं म्हणत त्या फाइलीत लिहू लागल्या.

मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं. औषध लागू पडत नाही, असं त्या लिहीत होत्या, आणि त्या खोलीत फक्त मला माहीत होतं की औषध घातलंच जात नाही. वर्गात मी मुलींना ओरडायचे की उदाहरण उतरवतानाच आकडा चुकवलात तर पुढची सगळी रीत बरोबर असूनही उत्तर चुकणार. ही शहाणी मुलगी माझ्या चुकीच्या आकड्यावर रीत लावत होती. उत्तर माझ्या डोळ्यात निघणार होतं. सांगितलं तर नवऱ्यासमोर नाक कापलं जाणार, नाही सांगितलं तर डोळा.

"मॅडम, लिखिए मत," मी म्हटलं. "मैं दवा रोज़ नहीं डालती."

पेन थांबलं. मी सगळं सांगितलं, रविवार, एकादशी, घशातलं कडू, सगळं. ह्यांच्याकडे बघितलं नाही. मॅडमनी मधेच तोडलं नाही. मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "माताजी, आप अकेली नहीं हैं. रमज़ान में मेरे आधे मरीज़ यही करते हैं. गले में कड़वा लगा, तो रोज़ा टूटा. बाहर जो चाचा बैठे हैं न, उनसे पूछ लीजिए."

मला ओशाळं वाटायला हवं होतं. वाटलं हलकं. सगळ्या बनारसला एकाच कडू थेंबानं गाठलेलं दिसत होतं.

मॅडमनी माझं बोट धरून डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर टेकवलं. थेंब घातला की डोळा मिटायचा आणि इथं दोन मिनिटं दाबून धरायचं. घशाकडे जाणारी वाट बंद होते, कडू फारसं उतरत नाही, औषधही डोळ्यातच राहतं. एवढं साधं. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी ही बाटली आहे त्यांनी आणखी काही लक्षात ठेवलं नाही तरी हा कोपरा ठेवावा, आणि थेंब चुकत असतील तर डॉक्टरांना खरं सांगावं. डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी डोळा जाण्यापेक्षा ते परवडतं.

ऑपरेशन तूर्त मागे पडलं. "पहले लेज़र करते हैं," मॅडम म्हणाल्या. मोरीच्या तोंडाशी लेझर मारायचा म्हणजे पाणी वाहायला लागतं. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, कळायला महिना-दीड महिना लागतो, आणि काही वर्षांनी पुन्हा करावाही लागतो. "इसमें आपके व्रत का कोई दख़ल नहीं," त्या हसून म्हणाल्या. ह्यांच्या गालातला विडा तसाच होता.

दिव्याखाली अंधार

हॉस्पिटलाबाहेर ह्यांनी आधी पान थुंकलं. ई-रिक्षात बसलो. गोदौलियाचा चौक आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बसावीतच.

"अगं," हे म्हणाले, "व्रत कशानं मोडत नाही, त्या आठ गोष्टी शास्त्रात सांगितल्यात."

"माहीत आहे."

"आठवी कोणती?"

"औषध."

"मी घाटावर रोज सांगतो. शुगरची गोळी घेणाऱ्या बायका येतात, रक्तदाबवाले येतात. गुरुजी, उपवासाला गोळी चालते का? चालते, खुशाल घ्या, म्हणतो. रोज चार जणांना सांगतो." आणि म्हणाले, "दिव्याखाली अंधार."

मला रडू आलं. आजारपणात तोवर रडले नव्हते, निदानाच्या दिवशीही नाही. सवलत लोकांना असते, आपल्याला नाही, असं मी का धरून चालले होते, ते मला अजून नीट सांगता येत नाही. यात श्रद्धा थोडी आणि ताठा जास्त होता. बहुतेक.

श्वेतानं मात्र इतक्या सहज सोडलं नाही. "मैं रोज़ पूछती थी, आप रोज़ हाँ बोलती थीं," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा समोर आणून ठेवायची आणि जायची. तिचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी मीच स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "श्वेता, चुकले गं." ती मटार सोलत होती. "बैठिए," म्हणाली आणि अर्धे मटार माझ्याकडे सरकवले.

लेझर

लेझरबद्दल घाबरून बसलेल्यांसाठी लिहिते. आधी थेंब घालून तासभर बाकावर बसवलं. मग डोळा बधिर करायचा थेंब. मग पुन्हा ती हनुवटीची पट्टी, आणि डोळ्यावर एक भिंग चिकट जेल लावून टेकवलं. हे भिंग सगळ्यात नकोसं, डोळा मिटावासा वाटतो आणि मिटता येत नाही. समोर हिरवा उजेड, आणि टक्, टक्, टक्. सुई नाही, टाका नाही, रक्त नाही. एखाददुसऱ्या टक्-ला आत बारीक टोचल्यासारखं होतं. मी अर्थातच मोजत होते. डाव्या डोळ्याचे शहाण्णव झाले, उजव्याला मात्र मधेच चुकले.

"हो गया," मॅडम म्हणाल्या. दोन्ही डोळे मिळून पंधरा मिनिटंही लागली नसतील. एवढ्यासाठी मी आठ दिवस झोप घालवली होती!

तासाभरानं प्रेशर पुन्हा बघितलं आणि घरी सोडलं. दोन दिवस डोळे लाल, उजेड बोचरा, नजर जरा धुरकट. मग ते गेलं. थेंब लगेच बंद करायचे नव्हते. फरक काहीच जाणवत नव्हता, आणि जाणवणारही नव्हता, कारण प्रेशर चढलेलं जसं कळलं नव्हतं तसं उतरलेलंही कळत नाही. या दुखण्याचा हाच कावा आहे. दुखतच नाही.

ते दीड महिने फार लांब गेले. देवळात गेले की उजवा डोळा झाकून घंटा शोधायचे. मॅडमनी सांगितलं होतं की गेलेलं येणार नाही, तरी शोधायचे. आशेला कोणी शिकवून उपयोग नसतो. थेंब मात्र एकही चुकवला नाही, कोपऱ्यावर बोट ठेवून, दोन मिनिटं, घड्याळ लावून.

दीड महिन्यानं डाव्यात सोळा, उजव्यात पंधरा. मॅडमनी आकडे दोनदा बघितले. एक बाटली बंद केली, दुसरी फक्त सकाळी, रोज. दर चार महिन्यांनी तपासणी. विणकर चाचा बाहेर बाकावर होते. मी आकडे सांगितले. "माशाअल्लाह," ते म्हणाले आणि आपला नंबर किती राहिला ते बघू लागले.

रविवार

घंटा डाव्या डोळ्याला आजही दिसत नाही. तिथली जागा रिकामी आहे आणि रिकामीच राहणार. याचं दुःख आहे. त्यातला किती भाग दुखण्यानं नेला आणि किती माझ्या सहा महिन्यांच्या काटेकोरपणानं, हे गणित सुटणारं नाही. मी मांडून पाहिलंय. पण उजवा डोळा जिथं होता तिथंच आहे आणि अडीचशे पावलं मी एकटीच चालते. गल्लीत कोणी "च्च" करत नाही.

व्रत सोडू का, असं मी ह्यांना विचारलं होतं. "व्रत तुझं," हे म्हणाले. "थेंब माझा."

ते बोलणं मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी हे गंगेवरून स्नान करून आले, कद नेसले. सोवळ्यात असताना हे आमच्यापैकी कोणाला शिवत नाहीत, लग्न झाल्यापासून मी हेच बघत आले. पूजेच्या खोलीकडे जाता जाता हे फडताळापाशी थांबले, प्लास्टिकची बाटली उचलली आणि मला खिडकीपाशी बसायला सांगितलं.

"अहो, सोवळं..."

"मान वर कर."

पहिला थेंब गालावर गेला, दुसरा नीट पडला. माझ्या नाकाशेजारी ह्यांचं बोट, अजून ओलं, गार. दोन मिनिटं. तेव्हापासून दर रविवारी असंच चाललंय.

आजही रविवार आहे. आज ह्यांचं बोट जरा सरकलं आणि घशात कडू उतरलं. मी आवंढा गिळला.

"उतरलं?" ह्यांनी विचारलं.

"उतरलं."

"मोडला उपवास?"

"नाही."

"मग दुसरा डोळा उघड," हे म्हणाले.